उपाशीपोटी साखर येते कुठून?

रात्री जेवून झोपायचं आणि सकाळी चहासुद्धा न घेता लॅबमध्ये रक्त द्यायचं. प्रकृती ठीक असेल तर रिपोर्टवर 'फास्टिंग शुगर' साधारण 70 ते 100 च्या मध्ये येते आणि आपण निर्धास्त होतो. खरं तर या आकड्याचं नवल वाटायला हवं. अंगातल्या पाच लिटर रक्तात मिळून साखर असते चार-पाच ग्रॅम. एकटा मेंदूच दिवसाला सुमारे 120 ग्रॅम साखर वापरतो. या हिशेबाने रक्तातली साखर तासाभरात संपली पाहिजे. ती संपत नाही, कारण रात्रभर कुणीतरी ती रक्तात सोडत असतं.

हे कोण करतं, याचा छडा क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1848 साली लावला. आधुनिक जीवशास्त्राची गोष्ट सांगताना आपण डार्विन, मेंडेल आणि पेशी यांच्यापासून सुरुवात करतो. मला ती गोष्ट अर्धीच वाटते. सजीव स्वतःला सावरून कसा धरतो, हा प्रश्न आला फिजिऑलॉजीतून. जनुकांच्या अभ्यासातही तो पुढे तितकाच महत्त्वाचा ठरला.

बर्नार 1813 साली द्राक्षमळ्यात राबणाऱ्या कुटुंबात जन्मला. ल्यों शहरात औषधाच्या दुकानात उमेदवारी करताना त्याला नाटककार व्हायचं होतं. नाटकाचं बाड घेऊन तो पॅरिसला गेला, तिथल्या एका नामवंत समीक्षकाने त्याला वैद्यक शिकायचा सल्ला दिला आणि त्याने तो ऐकला. पुढे कोलेज द फ्रान्समध्ये माजांदी या निष्णात प्रयोगकर्त्याच्या हाताखाली तो तयार झाला.

त्या काळी रसायनशास्त्रज्ञांचं मत ठाम होतं: साखर, स्निग्ध पदार्थ वगैरे घडवायचं काम वनस्पतींचं, प्राणी ते फक्त खाऊन जाळतात. बर्नारला एवढंच शोधायचं होतं, की खाल्लेली साखर शरीरात नेमकी कुठे नाहीशी होते. तुलनेसाठी त्याने एका कुत्र्याला फक्त मांस खाऊ घातलं. यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर सापडली, आणि तीही भरपूर! आतड्याकडून यकृताकडे येणाऱ्या शिरेतही ती दिसत होती, त्यामुळे तो काही काळ बुचकळ्यात पडला. मग लक्षात आलं, की पोट उघडताच यकृतातलं रक्त उलटं फिरून त्या शिरेत शिरतं. पोट उघडल्याबरोबर त्याने ती शीर बांधून टाकली. आता आतड्याकडच्या रक्तात साखर नाही आणि यकृतानंतरच्या रक्तात आहे, हे स्वच्छ दिसलं. प्राण्याचं शरीर साखर तयार करतं, हे पहिल्यांदाच सिद्ध झालं.

यानंतरचा प्रयोग माझ्या मते सगळ्या जीवशास्त्रातल्या सुंदर प्रयोगांपैकी एक आहे. यकृतातली साखर बर्नार नेहमी लागोपाठ दोनदा मोजत असे. एकदा वेळ कमी पडला, म्हणून पहिली मोजणी लगेच झाली आणि दुसरी दुसऱ्या दिवसावर गेली. यकृत तेच होतं, पण दुसऱ्या दिवशी साखर कितीतरी जास्त भरली. दुसरा कुणी असता तर मोजणी चुकली म्हणून आकडा खोडून मोकळा झाला असता. बर्नारने 1855 मध्ये नुकत्याच मेलेल्या कुत्र्याचं यकृत बाहेर काढलं, त्याच्या शिरेला नळी जोडली आणि चाळीस मिनिटं थंड पाण्याची धार आतून सोडली. लालभडक यकृत फिकं पडलं. बाहेर येणाऱ्या पाण्यात साखरेचा अंशही उरला नाही. (ती ओळखायची रीत म्हणजे निळं तांब्याचं द्रावण उकळून विटकरी होतंय का ते बघायचं. अकरावी-बारावीच्या प्रात्यक्षिकातली बेनेडिक्ट टेस्ट याच तत्त्वावर चालते.) मग ते धुतलेलं यकृत त्याने तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यात पुन्हा भरपूर साखर होती.

रक्त नाही, अन्न नाही, प्राणीही जिवंत नाही, तरी साखर बनतेच आहे! म्हणजे पाण्यात वाहून न जाणारा काहीतरी साठा यकृतात असला पाहिजे. 1857 मध्ये बर्नारने तो वेगळा काढला. तोच ग्लायकोजन, म्हणजे ग्लुकोज या साखरेचे असंख्य रेणू जोडून बनलेला साठा. माणसाच्या यकृतात तो साधारण 100 ग्रॅम असतो आणि रात्रीच्या उपासात बराचसा त्याच्यावरच निभाव लागतो. मधुमेहात हा हिशेब बिघडतो आणि रक्तात साखर असतानाही यकृत आणखी सोडत राहतं. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः यकृतालाच आवर घालते.

यातून बर्नारच्या मनात एक मोठी कल्पना आकाराला आली. आपल्या पेशी बाहेरच्या हवेत राहत नाहीत, त्या रक्त आणि त्याभोवतीच्या द्रवात राहतात. बाहेर थंडी असो की उपासमार, हे आतलं वातावरण शरीर स्थिर ठेवतं, आणि म्हणूनच प्राण्याला मोकळेपणी जगता येतं. हयातीत या विचाराकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. विसाव्या शतकात अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने त्याला 'होमिओस्टॅसिस' हे नाव दिलं.

या ज्ञानाची किंमत मुक्या जनावरांनी मोजली, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. बर्नार कुरारे हे विष वापरत असे. त्या विषाने प्राणी हलू शकत नाही, पण संवेदना शाबूत राहते, हे दाखवणाराही तोच होता. बायकोने आणलेल्या हुंड्यावर त्याच्या सुरुवातीच्या संशोधनाचा खर्च भागला, आणि पुढे तीच त्याच्यापासून विभक्त होऊन मुलींसह जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध उभी राहिली. ब्रिटनमध्ये 1876 साली अशा प्रयोगांना चाप लावणारा कायदा झाला. त्या मायलेकींची बाजू मला आजही पटते, आणि बर्नारचं ऋणही नाकारता येत नाही.

बर्नारच्या हातून एक गोष्ट निसटली. त्याने स्वादुपिंडावर वर्षानुवर्षं काम केलं, पण मधुमेहाशी त्याचं नातं त्याला दिसलं नाही. ते 1889 मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी दाखवलं. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह झाला. पुढे 1921 मध्ये टोरांटोत स्वादुपिंडातलं, रक्तातली साखर कमी करणारं इन्सुलिन हाती लागलं.

ग्लायकोजनचा माग मात्र चालूच राहिला. तो कसा तुटतो याच्या शोधासाठी कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याला 1947 चं नोबेल मिळालं. त्यांच्याच प्रयोगशाळेत घडलेल्या अर्ल सदरलँडने पुढचा प्रश्न घेतला: ग्लायकोजन तोडून साखर सोडायचा ॲड्रिनलिन या संप्रेरकाचा हुकूम यकृताच्या पेशीच्या आत पोचतो कसा? उत्तर सापडलं ते सायक्लिक एएमपी या छोट्याशा रेणूत. ॲड्रिनलिन बाहेरच थांबतं, आतला निरोप हा रेणू पोचवतो. त्यासाठी 1971 चं नोबेल सदरलँडला मिळालं. त्याआधीच, 1965 मध्ये, हा रेणू त्याला ई. कोलाय या जिवाणूतही सापडला होता. जिवाणूला ना यकृत, ना रक्त, ना ॲड्रिनलिन. तरीही ग्लुकोज संपलं, की त्याच्यात सायक्लिक एएमपी वाढतं आणि दुसरी साखर पचवणारी जनुकं सुरू करायला मदत करतं.