कोरडा काठ, ओला काठ

शेजारच्या काकू परवा एक पाकीट घेऊन आल्या. "सर, डास खाणाऱ्या झाडाचं बी मागवलंय ऑनलाइन. तुमच्याकडं आहे ना ते झाड, कसं लावायचं सांगा की." पाकिटावर निळ्याजांभळ्या घटपर्णीचं, म्हणजे पानाच्या टोकाला सुरईसारखा सापळा धरून किडे पचवणाऱ्या झाडाचं चित्र, आणि आत मोहरीएवढं गोल, काळं बी. हे घटपर्णीचं नाही, हे मला लगेच सांगावं लागलं. घटपर्णीचं बी म्हणजे सेंटीमीटरभर लांबीची, केसासारखी बारीक तपकिरी काडी, मधोमध जराशी फुगलेली. बीज त्या फुगीर भागात असतं. दोन्हीकडची शेपटं वाऱ्यावर तरंगायला.

डासांचंही खरं नाही. घटपर्णीच्या सुरईत पडतात त्या मुख्यतः मुंग्या. उलट रानात डासांच्या काही जाती तिच्याच पाण्यात अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या त्या पाचकरसात सुखानं वाढतात. डास घालवण्यासाठी कुणी हे झाड विकत असेल, तर तो तुम्हाला फसवतोय.

भारतात घटपर्णीची एकच जात रानात सापडते, मेघालयातली नेपेंथिस खासियाना. गारो भाषेत तिला मेमांग-कोक्सी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. नाव सुंदर आहे, पण त्यावरून या झाडांना राक्षसी ठरवू नका. माणूस गिळणाऱ्या झाडाची जी गोष्ट अजून मोबाईलवर फिरते, ती 1874 साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रानं मादागास्करच्या नावावर छापलेली निव्वळ थाप होती. घटपर्णीला हवा असतो तो नायट्रोजन. ती वाढते त्या जमिनीत तो फार थोडा, म्हणून ती किडे पचवून मिळवते. मेघालयातली ही जात आता दुर्मीळ आहे आणि साइट्स या, रानातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन घालणाऱ्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्यामुळे रानातलं रोप किंवा बी घेऊ नये, लागवडीतल्या झाडाचंच घ्यावं.

मला बी मिळालं ते एका मित्राच्या लागवडीतल्या झाडाचं, बोंड उकलल्यावर आठवड्याभरात. हे बी जुनं झालं की उगवत नाही, म्हणून ताजं असणं महत्त्वाचं. मिठाईच्या पारदर्शक डब्यात भिजवलेलं स्फॅग्नम शेवाळ पसरलं आणि बी नुसतं वर भुरभुरलं. ते मातीत पुरायचं नाही, त्याला उजेड लागतो. वर झाकण, आणि डबा उत्तरेच्या खिडकीत, जिथं ऊन थेट येत नाही.

सोलापुरात खरी अडचण पाण्याची. आमच्या बोअरचं पाणी कुंडीतून झिरपलं की कुंडीला बाहेरून पांढरा थर चढतो. हे क्षार घटपर्णीच्या मुळांना सोसत नाहीत. आपल्याकडच्या कोरड्या हवेत पाणी उडून जातं, क्षार शेवाळातच राहतात आणि दर पाण्यागणिक साचत जातात. म्हणून गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणी किंवा आरओचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा 50 च्या खाली हवा.

सहाव्या आठवड्यात हिरवे ठिपके दिसले. आधी दोन बीजपत्रं, आणि त्यानंतरचं पहिलंच खरं पान सुरई घेऊन आलं. जेमतेम दोन मिलिमीटरची, पण भिंगाखाली झाकण, पोट, काठ, सगळं जागच्या जागी.

या काठानं मला वेड लावलंय. मोठ्या सुरईच्या तोंडाशी तो बाहेर वळलेला, चकचकीत असतो. भिंगातून पाहिलं तर पन्हळी पत्रा वाटावा अशा बाहेरून आत जाणाऱ्या समांतर पन्हळी दिसतात. आतल्या कडेला दातासारखी टोकं आणि त्यांच्यामध्ये मध पाझरणारी छिद्रं. मुंगीचा पाय दोन गोष्टींवर टिकतो, नख्या आणि तेलकट द्रव सोडणारी मऊ गादी. काठ कोरडा असेल तर मुंगी त्यावर खुशाल फिरते, मध खाते, परत जाते. ओला असेल तर पन्हळींमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा पसरतो आणि गादी पृष्ठभागाला टेकतच नाही. साचलेल्या पाण्यावरून वेगात जाणाऱ्या गाडीचं चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगतं, तसंच हे. होल्गर बोन आणि वॉल्टर फेडर्ले या संशोधकांनी 2004 मध्ये बोर्निओतल्या एका जातीवर हे दाखवून दिलं.

हा पापुद्रा पसरतो कसा, ते 2016 मध्ये चिनी संशोधकांनी उलगडलं. प्रत्येक पन्हळीच्या तळाशी कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खळगे असतात. खळग्याचं पुढचं टोक निमुळतं असतं, तिथं केशाकर्षणानं पाणी पुढं खेचलं जातं. मागची कड धारदार असते, तिथं पाणी अडून राहतं. त्यामुळे थेंब आतल्या कडेवर टेकवला तर तो बाहेरच्या कडेकडे चढत जातो, मागं फिरत नाही. पंप नाही, झाडाची शक्ती खर्च होत नाही, सगळं काम आकाराचं. शिवाय मधातली साखर हवेतली ओल ओढते, पावसाळ्यात गुळाला पाणी सुटतं तशी.

मग हा सापळा दिवसाचे कित्येक तास कोरडा, म्हणजे बंद का? उलरिके बाउअर आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये काही सुरयांचे काठ सतत ओले ठेवून पाहिले. त्यांत मुंग्या कमी सापडल्या. कारण मधाची टेहळणी करायला आलेली पहिलीच मुंगी पडली, तर वारुळात खबर जात नाही. काठ कोरडा असताना ती सुखरूप परतते, रांग घेऊन येते, आणि तेवढ्यात काठ भिजला की अख्खी रांग आत. यात झाडानं काही ठरवलेलं नाही. ज्या काठांची रचना अशी, त्यांना जास्त नायट्रोजन मिळाला, एवढंच.

आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात हे काहीच पाहायला मिळत नाही. हवा इतकी कोरडी होते की पानाच्या टोकाच्या तंतूवर सुरईची कळी धरते आणि तशीच वाळते. रोपं मी हिरव्या जाळीखाली ठेवतो, भोवती ओलं गोणपाट. मृगाचा शिडकावा झाला की पुढच्या पानांना सुरया येतात. गेल्या सप्टेंबरात दुपारी एक डोंगळा काठावर निवांत फिरून गेला. संध्याकाळी भुरभुर झाली आणि त्याच काठावरून पाठोपाठ तीन डोंगळे आत पडले. सुरई बोटाएवढी होती.

पेरलेल्यांपैकी तीन रोपं टिकली, चार वर्षं झाली. घटपर्णीत नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि फूल आल्याशिवाय ते ओळखता येत नाही. माझ्याकडं अजून एकालाही फूल आलेलं नाही. तिघांत एक नर आणि एक मादी निघाली, आणि दोन्ही एकाच वेळी फुलली, तर पुढचं ताजं बी इथलंच असेल. त्यातलं काकूंना द्यायला एक डबा मी आत्ताच धुऊन ठेवलाय.