यकृतातली गाठ आणि पाच मिनिटांची कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या सेंटरमध्ये पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी होते आणि रिपोर्टवर भलतीच ओळ येते: ‘यकृतात 2 सेंटिमीटरची एसओएल’. घरच्यांचं धाबं दणाणतं. पण एसओएल म्हणजे जागा अडवून बसलेलं काहीतरी, एवढंच. ती गाठ साधी की कॅन्सरची, हे साध्या सोनोग्राफीवर ठामपणे सांगणं अवघड असतं. रक्त गाठीत कसं शिरतं आणि किती वेळ टिकतं, हे पाहिलं की बरंच उलगडतं.

त्यासाठी सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून सोडतात; सोनोग्राफीत ते चमकतात. हीच कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी. सरासरी आकार अडीच मायक्रॉन. केशवाहिन्यांतून सहज जातात, पण रक्तवाहिनीबाहेर झिरपत नाहीत. वायू श्वासावाटे निघून जातो, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड कमजोर असलेल्या पेशंटचीही तपासणी होऊ शकते. अ‍ॅलर्जी क्वचितच येते, तरी इमर्जन्सीची औषधं हाताशी हवीतच.

कुपीत 5 मिली सलाइन घालून हलवलं की दुधाळ द्रव तयार होतो. त्यातला 2.4 मिली शिरेतून देतात (नव्या मशिनवर त्याहून कमीही पुरतो) आणि मागोमाग 5 ते 10 मिली सलाइन. सुई 20 गेजची बरी. बारीक सुईतून जोरात ढकललं तर बुडबुडे आधीच फुटतात. मशिनचा मेकॅनिकल इंडेक्सही (म्हणजे ध्वनिलहरींचा जोर) अगदी कमी ठेवावा लागतो, कारण तेच.

आता घड्याळ. यकृताला सुमारे पाऊण भाग रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, यकृताच्या मूळच्या कॅन्सरला मात्र मुख्यतः धमनीतून. म्हणून तो पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात उजळतो आणि बहुधा मिनिटभरानंतर हळूहळू फिका पडतो. दुसऱ्या अवयवातल्या कॅन्सरची पसरलेली गाठ मिनिटाच्या आतच काळवंडते. हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, कडेकडेने ठिपक्यांत उजळून आतल्या बाजूला भरत जातो आणि तसाच टिकतो.

घोळ होतो तो शेवटच्या टप्प्यात. कॅन्सर फिका पडायला कधीकधी चार मिनिटंही लागतात. दोन मिनिटांत प्रोब (पोटावर टेकवायचं सोनोग्राफीचं उपकरण) उचलला तर तो साध्या गाठीत जमा होतो. उलट प्रोब सतत टेकवून ठेवला तर बुडबुडे फुटून साधी गाठही काळी दिसते. म्हणून पहिल्या मिनिटानंतर थोड्या थोड्या वेळाने डोकावायचं, पण पाच मिनिटं पूर्ण करायची.

फॅटी लिव्हरमध्ये खोलवरच्या गाठी नीट दिसत नाहीत, आणि एका इंजेक्शनमध्ये धमनीतून रक्त येण्याचा पहिला टप्पा एकाच गाठीचा पाहता येतो. आजार किती पसरलाय हे ठरवायला सीटी किंवा एमआरआय लागतोच.

हे इंजेक्शन सगळीकडे ठेवलेलं नसतं. गडहिंग्लज किंवा गगनबावड्याहून निघण्यापूर्वी सेंटरला फोन करा, जुने रिपोर्ट बरोबर घ्या आणि प्रिंटसोबत व्हिडिओ क्लिपही मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांना खरी माहिती त्या क्लिपमधूनच मिळते.