हॉटेल आणि पर्यटनात शिकाऊ उमेदवारी : नाशिकच्या मुलामुलींनी अर्ज कसा करायचा

२ ऑगस्ट २०२७ ला सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान आहे. पंचवटी-त्र्यंबकच्या लॉजपासून गंगापूर धरणाकडच्या रिसॉर्टपर्यंत सगळ्यांना शिकलेली माणसं हवी आहेत, आणि शिकलेली मुलं मात्र "अनुभव किती?" या एका प्रश्नावर परत येतात. हा अनुभव कायद्याच्या चौकटीत मिळवून देते ती शिकाऊ उमेदवारी, म्हणजेच अप्रेंटिसशिप. १९६१ चा हा कायदा फक्त कारखान्यांसाठी, असा समज सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या या शहरात पक्का आहे. प्रत्यक्षात हॉटेल आणि ट्रॅव्हल कंपन्याही त्यात येतात.

दिंडोरीकडच्या ओळखीतल्या एका मुलाने एका हॉटेलच्या किचनमध्ये आठ महिने 'ट्रेनिंग' केलं. सकाळी आल्या आल्या गोणीभर कांदा चिरायचा, दुपारनंतर तंदूरवर उभं राहायचं. हात चांगला बसला त्याचा. निघताना प्रमाणपत्र मागितलं, तर साध्या कागदावर दोन ओळी हातात पडल्या. करार कुठेच नोंदलेला नव्हता. म्हणून पहिल्या दिवसाआधी एवढंच विचारा : करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवणार का? तोंडी ट्रेनिंगला कायद्याच्या लेखी काहीच किंमत नाही.

वयाची अट किमान १४ वर्षं पूर्ण, धोक्याच्या कामांसाठी १८. उमेदवार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा असेल तर करारावर पालकांची सही लागते. शिक्षणाची अट ट्रेडप्रमाणे, म्हणजे शिकायच्या कामाप्रमाणे बदलते. फूड प्रॉडक्शन, हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस असे ट्रेड आयटीआयमधून केलेल्यांना 'अप्रेंटिसशिप इंडिया' पोर्टलवर थेट जागा शोधता येतात. पदवी-पदविकाधारकांनी त्यांच्यासाठीच्या केंद्र सरकारच्या 'नॅट्स' या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करावी.

आधार, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, आयटीआय किंवा पदविकेचं प्रमाणपत्र, फोटो, चालू मोबाइल नंबर, ईमेल आणि बँक पासबुक एवढं जवळ ठेवा. अर्ज अडतो तो दोन ठिकाणी. एक, नाव. लग्न झालेल्या मुलींच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं, हे तर नेहमीचंच. ते अर्जाआधी जुळवून घ्या. दुसरं, बँक खातं. अप्रेंटिसशिपला प्रोत्साहन देणाऱ्या केंद्राच्या 'नॅप्स' योजनेत विद्यावेतनाच्या (उमेदवाराला दरमहा मिळणाऱ्या स्टायपेंडच्या) २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात टाकतं. त्यासाठी खातं आधारला डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, जोडलेलं लागतं. नुसतं केवायसी झालं म्हणजे हे झालं असं नाही. बँकेत जाऊन स्पष्ट विचारा.

नोंदणी झाली की जागा निवडून अर्ज करायचा, मुलाखत होते, आस्थापना, म्हणजे ते हॉटेल किंवा कंपनी, पोर्टलवर करार तयार करते आणि तुम्ही तो मान्य करता. मान्य करण्याआधी ट्रेड, कालावधी आणि विद्यावेतन नीट वाचा. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरलं होतं. सही करताना त्या दिवशी लागू असलेला दर बघा. अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय उमेदवाराला ओव्हरटाइम लावता येत नाही. लग्नसराईत हे लक्षात असू द्या. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन मात्र मालकावर नाही.

आता लॉज-हॉटेलवाल्यांसाठी. तीस किंवा जास्त माणसं असतील, कंत्राटी धरून, तर एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस असतील तर ते ऐच्छिक. म्हणजे त्र्यंबकमधला सहा माणसांचा लॉजसुद्धा रीतसर नोंदणी करून उमेदवार घेऊ शकतो. फार थोड्यांना हे ठाऊक आहे, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं होतं. आजवर 'पोऱ्या' म्हणून राबणाऱ्या मुलाला त्याच कामाचं सरकारमान्य प्रमाणपत्र मिळू शकतं.

पोर्टलवर अडलात तर आयटीआयमधल्या अप्रेंटिसशिपचं काम पाहणाऱ्या कक्षात कागदांच्या मूळ प्रती घेऊन जा. फोनवर विचारण्यापेक्षा समोर बसून काम लवकर होतं.