ॲल्युमिनियमचे लहान कॅबिनेट : निवड आणि पारख

सुटे भाग घेऊन संगणक जोडताना मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) ज्या पेटीत बसवतात ती पेटी म्हणजे कॅबिनेट. सांगली-साताऱ्याकडे बोलताना अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ (खरे तर आतला प्रोसेसर) म्हणतात आणि ती सवय सुटायची चिन्हे नाहीत. साधारण २० लिटरच्या आतले ते लहान कॅबिनेट, असा जोडणी करणाऱ्यांचा संकेत आहे. त्यातले ॲल्युमिनियमचे कॅबिनेट दिसायला देखणे, उचलायला हलके आणि खिशाला जड असते. ते विकताना धातूची थोरवी सांगितली जाते. पारख करायची असते ती मात्र आतल्या मोकळ्या जागेची, हवेच्या वाटेची आणि अर्थिंगची.

लिटरचा हिशोब : लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि दहा लाखांनी भागावे, की लिटर मिळतात. आकड्याने डोळ्यांपुढे काही येत नसेल तर किराणा दुकानातला १५ किलो तेलाचा चौकोनी डबा आठवावा; तो सोळा-सतरा लिटरचा असतो. बाजारात सर्रास मिळणारे टॉवर कॅबिनेट ४० लिटरच्या आसपास किंवा पुढे जाते. २४० × १६० × ३२८ मिमी मापाचे ‘एनकेस एम१’ हे कॅबिनेट सुमारे १२.६ लिटरचे, म्हणजे तेलाच्या डब्याहून लहान. ‘डॅन ए४-एसएफएक्स’ तर ७.२ लिटरचे, डब्याच्या निम्म्याहून कमी. पाय, हँडल, मागे आलेले स्क्रू धरून मोजले की हाच आकडा वाढतो. काही विक्रेते ते धरतात, काही धरत नाहीत, म्हणून जाहिरातीतल्या लिटरपेक्षा बाहेरची तीन मापे पाहावीत.

पूर्वपीठिका : इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे मदरबोर्डचे माप ठरवले, ३०५ × २४४ मिमी. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स हे १७० मिमी चौरस माप आणले. बोर्ड वितीहून आखूड झाला आणि डबा लहान करायची वाट मोकळी झाली. त्याच सुमारास तैवानच्याच शटल कंपनीचे ॲल्युमिनियमच्या छोट्या पेटीतले संगणक आले. पुढे हौशी लोकांनी स्वतःच आराखडे करून, आगाऊ पैसे गोळा करून कॅबिनेटे बनवून घेतली. एम१ साठी असे पैसे २०१३ मध्ये उभे राहिले, ए४ साठी २०१६ मध्ये. दोन्ही घडवली लियान ली या १९८३ पासून चालत आलेल्या तैवानी कंपनीने.

धातू थंड ठेवतो का? : ‘ॲल्युमिनियम उष्णता लवकर ओढते, म्हणून मशीन थंड राहते’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येते. पहिला अर्धा भाग खरा आहे. शुद्ध ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता पोलादाच्या चौपट-पाचपट असते, मिश्रधातूंची थोडी कमी. पण प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकलेले नसते. मध्ये हवा असते. उष्णता पत्र्यापर्यंत आलीच तर तिला बाहेरच्या हवेत जावे लागते, आणि हे शेवटचे पाऊलच सगळ्यांत मंद असते. ए४ एवढ्या डब्याचा सगळा पृष्ठभाग जेमतेम पाव चौरस मीटर भरतो. तो पत्रा खोलीपेक्षा १० अंशांनी गरम झाला तरी आपोआप वाहणाऱ्या हवेवाटे आणि उष्णतेच्या किरणांवाटे मिळून वीसेक वॅट बाहेर देईल. आत ग्राफिक्स कार्डासह ४०० वॅट तयार होत असतील तर उरलेले ३८० वॅट पंख्यांनीच बाहेर काढायचे असतात. पत्रा लोखंडी असता तरी या हिशोबात फार फरक पडला नसता.

आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर ४०० वॅटसाठी तासाला सुमारे १२५ घनमीटर हवा डब्यातून जावी लागते. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेचा पारा चाळिशीला टेकतो. खोलीत ३८ अंश असतील तर आतली हवा ४८ अंशांची, हे धरूनच चालावे. याला अपवाद मुद्दाम बिनपंख्याची बनवलेली कॅबिनेटे. त्यांत प्रोसेसरपासून हीट पाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) थेट जाड, खाचांच्या भिंतीपर्यंत नेलेले असतात आणि तिथे ॲल्युमिनियम खरोखर राबते.

मग हा धातू घ्यायचा कशाला? वजनासाठी, आणि काठ, कोपरे, फिनिशसाठी. ॲल्युमिनियमची घनता २.७ ग्रॅम प्रतिघनसेंमी, पोलादाची ७.८५. ताठपणात ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश, त्यामुळे तितकाच ताठ पत्रा हवा तर तो सुमारे १.४ पट जाड घ्यावा लागतो. तरी वजन निम्म्यावरच राहते. १ मिमीहून पातळ ॲल्युमिनियमची बाजू अंगठ्याने दाबली तरी आत जाते आणि पंख्याबरोबर गुणगुणते. दीड ते दोन मिमी असेल तर चांगले. माल ॲल्युमिनियमचाच आहे ना, हे फ्रिजवरचे चुंबक लावून कळते. चिकटले तर तो लोखंडी पत्रा. पुष्कळ ‘ॲल्युमिनियम’ कॅबिनेटांत फक्त समोरचे पान ॲल्युमिनियमचे आणि आतला सांगाडा लोखंडी असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत तशी असावी.

मिलिमीटरची तपासणी : येथे घाई केली तर पैसे जातात. आधी भाग आणि मग कॅबिनेट हा क्रम लहान डब्याला चालत नाही. दोन्ही एकदम ठरवावे लागतात. ए४ मध्ये प्रोसेसरच्या कूलरला फक्त ४८ मिमी उंची मिळते. ३७ मिमीचा बसका कूलर बसेल, पण नेहमीचा टॉवर कूलर १५५-१६० मिमीचा असतो. ग्राफिक्स कार्डाची लांबी सगळे पाहतात, जाडी विसरतात. मागच्या पट्टीतली एक खाच २०.३२ मिमीची, दोन खाचांची जागा असलेल्या डब्यात अडीच-तीन खाचांचे हल्लीचे जाडजूड कार्ड जात नाही. कार्डाच्या वरून निघणारी विजेची केबल एकदम मुडपता येत नाही, तिच्यासाठी बाजूच्या पत्र्यापर्यंत आणखी जागा लागते. कंपनीच्या मापांच्या तक्त्यात ही जागा लिहिलेली नसते. एसएमपीएस एसएफएक्स या लहान मापाचा लागतो : १२५ × ६३.५ × १०० मिमी. एसएफएक्स-एल १३० मिमी खोल असतो आणि ते जास्तीचे ३० मिमी नेमके केबलींच्या जागेतून जातात.

काही डब्यांत बोर्ड एका बाजूला आणि कार्ड त्याच्या पाठीला पाठ लावून बसते. दोघांना चपटी रायझर केबल जोडते. ही केबल पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या) ३.० पिढीची आणि कार्ड ४.० चे असेल तर पडदा काळा पडणे, मशीन मध्येच बंद पडणे असले प्रकार होतात. बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये) वेग हाताने ३.० वर आणला की बहुधा थांबतात. आधी कार्ड खराब समजून परत पाठवू नये. वाय-फायच्या अँटेना धातूच्या पेटीबाहेरच लावाव्यात, हे वेगळे सांगायला नको.

अर्थिंग : आपल्या भागातल्या जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि बाहेरच्या परीक्षणांत त्याचा उल्लेखही नसतो. एसएमपीएसमध्ये वीज आणि सांगाडा यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात. तीन पिनांपैकी अर्थची पिन खरोखर जमिनीशी जोडलेली नसेल, किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून काम भागवलेले असेल, तर सांगाड्यावर सप्लायच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे ११० व्होल्टच्या घरातले व्होल्टेज मल्टीमीटरवर दिसते. करंट अगदी थोडा असतो, पण ओल्या हाताने, अनवाणी उभे राहून मागचा स्क्रू धरला की झिणझिण्या येतात. लोक म्हणतात, कॅबिनेट करंट मारते. दोष कॅबिनेटचा नसतो.

ॲल्युमिनियममध्ये आणखी एक गोम आहे. त्यावरचा ॲनोडाइझ थर, घरोघरी खिडक्यांच्या सेक्शनवर असतो तसलाच, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असतो आणि तो वीज वाहू देत नाही. म्हणून प्रत्येक पत्रा सांगाड्याशी कुठेतरी उघड्या धातूने टेकला पाहिजे. तपासणी सोपी आहे. वायर भिंतीतून पूर्ण काढावी. मल्टीमीटर बीपवर ठेवावा. एक टोक एसएमपीएसच्या सॉकेटमधल्या अर्थच्या पिनेला, दुसरे मदरबोर्डच्या स्क्रूला लावावे : बीप आला पाहिजे. मग बाजूच्या पत्र्याला. रंगवलेल्या, ॲनोडाइझ केलेल्या भागावर टोक टेकवले तर मीटर गप्प राहील; त्याने घाबरू नये, पत्र्याची आतली उघडी खाच किंवा स्क्रूचे भोक शोधावे. तिथेही गप्प राहिला, तर पत्र्याच्या आतल्या काठावर, जिथे तो सांगाड्याला टेकतो तिथे, बारीक पॉलिश पेपरने नखाएवढी जागा घासून पुन्हा पाहावे. बाहेरून दिसत नाही आणि काम होते. घराचेच अर्थिंग नसेल तर मात्र घासून उपयोग नाही, वायरमन बोलवावा.

आटे : ॲल्युमिनियम मऊ. त्यातच कोरलेले आटे दहा वेळा खोलून लावले की जातात. संगणकात दोन प्रकारचे स्क्रू चालतात, जाड आट्याचा ६-३२ आणि बारीक आट्याचा एम३. पहिला दुसऱ्याच्या भोकात जोर लावून फिरवला की भोक संपले. पितळी किंवा पोलादी इन्सर्ट (आट्यांची आतली बुशे) बसवलेले कॅबिनेट असेल तर थोडे जास्त पैसे गेले तरी घ्यावे. महाबळेश्वर, पाटण, कोयनानगर या पट्ट्यात पावसाळाभर हवा ओली असते. ॲल्युमिनियम आणि दुसरा धातू जिथे टेकतात तिथे पांढरट भुकटी धरते. मशीन रोज थोडा वेळ चालू राहिले तर आतली ओल हटते.

धूळ : सांगलीची हळद २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळून आणखी नावाजली, मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्यांच्या पंख्याच्या पात्यांवर तिचा पिवळा थर जमतो. तोडणीनंतर फडात पाचट पेटवले की काळी काजळी गच्चीवर उतरते आणि खिडकीतून आत येते. लहान डब्यात पंखे आतल्या भागांपासून बोटभर अंतरावर असतात, त्यामुळे थोड्या धुळीनेही तापमान चढते. बाजारात मिळणाऱ्या चुंबकी जाळ्या ॲल्युमिनियमला चिकटत नाहीत, ही गोष्ट पुष्कळांना जाळी घरी आणल्यावर कळते. चिमट्याची किंवा सरकत्या चौकटीची जाळी कॅबिनेटबरोबरच येते का ते पाहावे. शक्य तेथे आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जोरदार ठेवावेत, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. अगदी छोट्या डब्यांत वेगळा पंखा लावायला जागाच नसते. तिथे महिन्याला एकदा पत्रे काढून ब्लोअर मारणे याला पर्याय नाही.

खरेदी : अशी कॅबिनेटे सांगली-साताऱ्याच्या दुकानांत क्वचितच मांडलेली दिसतात, बहुतेक मागवावी लागतात. हात लावून पाहायला मिळत नाही, म्हणून खोके उघडतानाचा व्हिडिओ काढावा आणि चारही कोपरे पाहावेत. लोखंडी पत्र्याचा वाकलेला काठ ठोकून बराचसा सरळ होतो. ॲनोडाइझ ॲल्युमिनियम वाकले की वळणावर थराला तडे जातात आणि ती पांढरी रेघ कायम राहते. ग्राफिक्स कार्ड लावायचेच नसेल, ऑफिसचे काम आणि टॅली एवढेच असेल, तर इतका खर्च फुकट आहे. टेबलावर जागा आहे आणि संगणक हलवायचा नाही, अशांनाही चांगले हवेशीर लोखंडी कॅबिनेट जास्त थंड आणि स्वस्त पडते. कूलर मास्टरचे २०२० मध्ये आलेले एनआर२०० लोखंडीच आहे आणि सव्वाअठरा लिटरांत कार्ड, कूलर, पंखे ऐसपैस बसतात.

हलवणे हे कारण मात्र कृष्णाकाठी पोकळ नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. तळमजल्यावर दुकान किंवा अभ्यासाची खोली असलेल्याला बिछाने, धान्य, कागदपत्रे वर नेता नेता संगणकही न्यावा लागतो. पाच-सहा किलोचा भरलेला छोटा डबा काखेत मारून एकटा माणूस जिना चढतो. दुसऱ्या हातात मॉनिटर मावतो.