इज्जतनगरला एलपीटी करायचंय? आधी तहसीलचा दाखला वाचा

बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था, म्हणजे आयव्हीआरआय, १८८९ साली सुरू झाली ती आपल्या पुण्यात. मांस, दूध, अंडी यांवर प्रक्रिया, पदार्थ टिकवणं, कत्तलखान्यातल्या टाकाऊ भागांचा उपयोग या सगळ्याचं संशोधन करायचं तर तिथे 'लाइव्हस्टॉक प्रॉडक्ट्स टेक्नॉलॉजी' (एलपीटी) विषयात एम.व्ही.एस्सी., म्हणजे पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, करता येते. मांस न खाणाऱ्यांनाही अर्ज करता येतो, कारण पात्रतेत आहाराची अट नाही. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच!

प्रवेश आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, एआयईईए (पीजी) या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून मिळतो. परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) घेते: १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. पात्रता बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यक पदवी; खुल्या आणि ओबीसी उमेदवारांना १० पैकी किमान ६.५० ओजीपीए (पदवीची एकूण ग्रेड-सरासरी), एससी-एसटीला ५.५०. फॉर्म, फोटो, फी हे तासाभराचं काम. फक्त विषयगट निवडताना एलपीटी कोणत्या गटात येतं ते माहितीपुस्तिकेत बघा, सीनियरच्या आठवणीवर जाऊ नका.

आपली मुलं अडकतात ती जातीच्या दाखल्यावर. घरात नॉन-क्रीमी लेयर असतं, तीन वर्षांचं, लॅमिनेट केलेलं. ते राज्याच्या नमुन्यातलं. इथे केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, तेही सहसा त्याच वर्षी १ एप्रिलनंतर काढलेलं. सेतूतला माणूस "दोन्ही एकच" म्हणेल. एकच नाही. दाखल्यावर 'भारत सरकारच्या अधीन पदांसाठी' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे का, हे खिडकीवर उभं असतानाच वाचा. घरी येऊन वाचलंत तर पुन्हा आठवडाभर हेलपाटे.

व्हीजे, एनटी, एसबीसी हे रकाने केंद्राच्या फॉर्ममध्ये नाहीत. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी म्हणून भरा, आणि यादीतलं स्पेलिंग दाखल्याशी ताडून घ्या. एसईबीसीचा मराठा दाखला इथे चालत नाही. कुणबी नोंद असेल तर ओबीसी. नसेल आणि उत्पन्न, जमिनीच्या अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएस, तोही केंद्राच्या नमुन्यात, चालू आर्थिक वर्षाचा. हे दाखले फॉर्म सुटल्यावर काढायला गेलात तर उशीर झालाच समजा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाका.

इंटर्नशिप चालू असताना परीक्षा देता येते. मात्र पुस्तिकेतल्या तारखेआत ती संपायला हवी. कॉलेजात कोविडपासून वेळापत्रकं पुढेमागे झालेली असतील, तर प्राचार्यांकडून संपण्याची तारीख लेखी घ्या. तोंडी "होईल रे" कामाचं नाही.

आणि निकाल लागला म्हणून घरी बसू नका. एनटीएचं काम तिथे संपतं. आयसीएआरच्या समुपदेशनासाठी वेगळी नोंदणी, वेगळी फी, वेगळी मुदत. गेल्या खेपेला चांगली रँक असलेली एक मुलगी फोनची वाट बघत राहिली. फोन कुणी करत नाही. नोंदणीची खिडकी मोजके दिवस उघडी असते आणि संस्था-विषयांच्या पसंतीची यादी (चॉइस) भरून 'लॉक' केल्याशिवाय ती धरली जात नाही.