यूयूएन्कोड

चित्र किंवा प्रोग्राम यांसारख्या बायनरी फाइलला साध्या मजकुराचे रूप देणारी जुनी पद्धत. मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत ती तयार केली. ‘यूयू’ म्हणजे ‘युनिक्स ते युनिक्स’; युनिक्स ही संगणक चालवणारी एक प्रणाली. त्या काळी युनिक्स संगणक मोडेमवरून एकमेकांना फोन लावत आणि टपाल पुढच्या संगणकाकडे सोपवत. वाटेतल्या अनेक यंत्रणा ७ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १) ॲस्की मजकूरच, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हेच धड पोचवत. आठवा बिट गळाला की चिठ्ठीत एखादे अक्षर चुके, प्रोग्राम मात्र निकामीच होई.

यावरचा तोडगा फार सुरेख आहे. फाइलचे ३ बाइट, म्हणजे २४ बिट घ्यायचे आणि ६-६ बिटांचे चार गट पाडायचे. प्रत्येक गटाची किंमत ० ते ६३ यांमध्ये येते. तिच्यात ३२ मिळवले की छापता येणारे चिन्ह हाती लागते. इंग्रजी ‘कॅट’ या शब्दातल्या सी, ए, टी (पहिले मोठे, बाकी लहान) यांच्या बाइटांतून १६, ५४, ५, ५२ हे आकडे निघतात आणि त्यांची चिन्हे होतात शून्य, व्ही, टक्क्याचे चिन्ह आणि टी.

ओळीचे पहिले चिन्ह त्या ओळीतल्या बाइटांची संख्या सांगते. भरलेल्या ओळीत ४५ बाइट असतात आणि ४५ अधिक ३२ म्हणजे ७७, अर्थात मोठा ‘एम’. त्यामुळे डाव्या कडेला ‘एम’ची उभी रांग दिसली की जाणकार लगेच ओळखत. वर ‘बिगिन’, फाइलच्या परवानग्या व नाव, खाली ‘एंड’.

० किमतीच्या गटाला मोकळी जागा वापरणे ही यातली खरी चूक. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा काही यंत्रणा छाटून टाकत. पुढे तिथे उलटे अवतरणचिन्ह आले. एबसिडिक हा आयबीएमचा वेगळा अक्षरसंकेत वापरणाऱ्या संगणकांतून जाताना विरामचिन्हेही बदलत, म्हणून एक्सएक्सएन्कोड या तशाच पद्धतीने अक्षरे, अंक, अधिक आणि वजा एवढ्यावरच भागवले. मॅकिंटॉश संगणकांवर याच कामासाठी बिनहेक्स ही पद्धत चाले.

१९९२ मध्ये ईमेलला फाइल जोडण्याचे नियम ठरवणारे माइम मानक आले आणि ईमेलमध्ये बेस६४ ही पद्धत रुळली. गणित तेच, तीनाचे चार. चिन्हे मात्र विचारपूर्वक निवडलेली. यूटीएफ-८ या आजच्या अक्षरसंकेतात प्रत्येक देवनागरी अक्षर किंवा मात्रा नेमके ३ बाइट घेत असल्याने मराठीशी त्याचा मेळ छान बसतो : ‘म’ची चार चिन्हे होतात, ४, के, एस आणि लहान यू. ‘मराठी’ या शब्दाचे (काना आणि वेलांटी वेगळी धरून) १५ बाइट २० चिन्हांत मावतात.