साक्षीदाराला धमकी आली तर संरक्षणासाठी अर्ज कसा करावा

साक्षीदार फितूर झाला की लोक त्यालाच नावं ठेवतात. पण ज्याला आरोपीच्या माणसांच्या वस्तीतूनच रोज ये-जा करायची आहे, त्याला एकट्यानं धैर्य दाखव म्हणणं अन्यायाचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंदर चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. पुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते ठरवणाऱ्या कायद्याच्या) कलम ३९८ ने प्रत्येक राज्याला अशी योजना करणं बंधनकारक केलं. खालची माहिती २०१८ च्या योजनेप्रमाणे आहे. राज्याचा नमुना थोडा वेगळा असू शकतो, म्हणून चालू नमुना सरकारी वकिलांकडे मागा.

फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षं व त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे यात येतात. विनयभंग, लैंगिक छळ, पाठलाग हेही येतात. अर्ज साक्षीदार स्वतः, घरचं माणूस, वकील किंवा तपास अधिकारी करू शकतात. आईवडील, पती-पत्नी, भावंडं, मुलं, नातवंडं यांनाही संरक्षण मागता येतं.

निर्णय जिल्हा पातळीवरची समिती घेते. जिल्हा व सत्र न्यायाधीश तिचे अध्यक्ष, पोलीस प्रमुख सदस्य आणि जिल्ह्यातले अभियोग प्रमुख (म्हणजे सरकारी वकिलांचे प्रमुख) सदस्य-सचिव. अर्ज सदस्य-सचिवांकडे द्यायचा, शक्यतो खटल्यातल्या सरकारी वकिलांमार्फत.

अर्जात गुन्हा क्रमांक, कलमं, पोलीस ठाणं, आरोपींची नावं आणि धमकी देणाऱ्याचं नाव लागतं. पण सगळ्यात महत्त्वाचा रकाना धमकीच्या तपशिलाचा. तारीख, ठिकाण, धमकी कशी दिली आणि नेमके शब्द, हे सगळं तिथं विचारलेलं असतं. ‘आरोपीपासून जिवाला धोका आहे’ एवढ्यावर भागवू नका. ‘अमुक तारखेला, सायंकाळी, एसटी स्टँडवर, आरोपीचा भाऊ म्हणाला, “कोर्टात तोंड उघडलंस तर पोरगं शाळेतून घरी येणार नाही”’ असं लिहा. शब्द शिवराळ असले तरी तसेच्या तसे लिहा. कॉल रेकॉर्डिंग, मेसेजचे स्क्रीनशॉट, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत असेल तर जोडा. नसेल तरी अर्ज करता येतो.

काय हवं तेही स्पष्ट मागा: घराजवळ गस्त, सीसीटीव्ही, कोर्टात ने-आण, आरोपीसमोर न येता साक्ष, फोन नंबर बदलणं, तात्पुरती दुसरीकडे राहण्याची सोय. ओळख गुप्त ठेवण्याचा किंवा स्थलांतराचा आदेशही होऊ शकतो.

अर्जावर पोलीस उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्तांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. तो पाच कामकाजाच्या दिवसांत यायला हवा आणि आल्यावर आणखी पाच कामकाजाच्या दिवसांत निर्णय व्हायला हवा. धोक्याच्या तीन श्रेणी आहेत, जिवाला धोका ही सर्वांत वरची. सुनावणी बंद दालनात होते. धोका तातडीचा असेल तर अंतरिम, म्हणजे निर्णय होईपर्यंतचं, संरक्षण त्याच अर्जात मागा, त्यासाठी अहवालाची वाट पाहावी लागत नाही. संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं असतं, तेव्हा मुदत संपण्याआधीच वाढीसाठी हालचाल करा.

आदेश मान्य नसेल तर १५ दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. तक्रार खोटी निघाली तर झालेला खर्च वसूल होऊ शकतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि मुलं यांना तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.